गर्भातील हृदय आणि पाहणाऱ्याची नजर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हृदयावर लिहायचे म्हणजे ते कवितेतल्या हृदयावर, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रस्तुत लेखात मात्र मला खऱ्याखुऱ्या हृदयाविषयी लिहायचे आहे. तेही अजून जगात न आलेल्या बाळाच्या.

दर सेकंदास वीस हजारांहून अधिक कंपने असलेला ध्वनी माणसाला ऐकू येत नाही. त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. धातूतील छुपी चीर शोधण्यासाठी कारखान्यांत त्याचा उपयोग होत असे. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी बॉयलरच्या एका कारखान्यात नेल्या व तेथील यंत्राने तपासल्या. गाठीगाठींचे प्रतिध्वनी निरनिराळे आले. १९५८ साली डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि अभियंता ब्राउन यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गर्भाच्या प्रतिमाही होत्या.

पण प्रतिमा दिसणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे. लंडनच्या गाइज रुग्णालयातील डॉ. लिंडसे अ‍ॅलन यांचे कार्य येथे सुरू होते. १९८० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावरील प्रतिमा गर्भहृदयाच्या प्रत्यक्ष रचनेशी ताडून पाहिल्या. दोष ओळखायचा तर निरोगी हृदय आधी नीट ठाऊक हवे, हे त्यामागचे सूत्र. वरच्या दोन कर्णिका व खालच्या दोन जवनिका असे चारही कप्पे एकाच दृश्यात पाहण्याची रीत पुढे नेहमीच्या तपासणीत रुजली. केवळ एवढ्यावर भागत नाही. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल या दृश्यात सहसा कळत नाही. म्हणून आता त्या वाहिन्याही पाहतात.

जन्माआधीच हे कळण्याची निकड काय? गर्भाला प्राणवायू वारेतून, नाळेवाटे मिळतो. फुप्फुसांचे काम सुरू झालेले नसते, म्हणून बरेचसे रक्त हृदयातील एका झरोक्यातून आणि हृदयाजवळच्या एका जोडवाहिनीतून परस्पर पुढे जाते. त्यामुळे सदोष हृदयाचे बाळही गर्भात सुखरूप वाढू शकते. जन्मानंतर या वाटा बंद होऊ लागतात आणि काही बाळे एक-दोन दिवसांतच निळी पडतात. दोष आधी कळला, तर प्रसूती हृदयतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी करता येते आणि जोडवाहिनी औषधाने काही काळ उघडी ठेवता येते. दर हजार बाळांमागे सुमारे आठ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या नजरेचे मोल कळते.

आता आपल्या दाराशी येऊ. गर्भ पाहण्याचे हेच साधन आपल्याकडे मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठीही वापरले गेले. गर्भजलपरीक्षेचाही असाच दुरुपयोग झाला. त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली, १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली नऊशेहून कमीच निघाल्या.

ध्वनिलहरी तीच, पडदा तोच. एकाने त्यात चार कप्पे शोधले, दुसऱ्याने वंशाचा दिवा शोधला. यंत्र सुधारणे हे विज्ञान शाखेचे काम असेल. पण नजर सुधारणे हे, मला वाटते, आपल्या शाखेचेही काम आहे. हृदय मुलाचे असो वा मुलीचे, कप्पे चारच असतात.