साठीनंतर पुन्हा अंगावरून लाल जातंय? पहिला खर्च कुठे करावा

पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाल्यावर अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागतं. किंवा हनुवटीवर राठ केस येतात, भांग रुंदावतो, आवाज इतका जाड होतो की फोनवरचा कुरिअरवाला 'काका' म्हणतो. मग पैसे जातात पार्लरमध्ये नाहीतर 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये. तिथे ते वाया जातात. बीजांडकोशातली कर्करोग नसलेली गाठही उतारवयात हार्मोन बनवू शकते: थिकोमा बहुधा इस्ट्रोजेन, ज्याने लाल जातं; लेडिग पेशींची गाठ टेस्टोस्टेरॉन, ज्याने केस-आवाज बदलतात.

रक्तस्राव असेल तर आधी योनिमार्गातून सोनोग्राफी. खासगीत साधारण हजार ते दोन हजार. गर्भाशयाचं अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड निघालं तर त्याचा तुकडा तपासायलाच हवा. पुण्यातल्या येरवडेकरांनी सुरुवात महापालिकेच्या राजीव गांधी रुग्णालयातून करावी. मोठं काही निघालं तर नदीपलीकडे ससून आहेच.

केस-आवाजाची तक्रार असेल तर टोटल टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए-एस एवढ्या दोनच चाचण्या आधी करा. दोन्ही मिळून ढोबळ दीड-दोन हजार. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळ्यांमुळे रिपोर्ट चुकू शकतो आणि तेच पैसे पुन्हा भरावे लागतात. टेस्टोस्टेरॉन खूप वाढलेलं आणि सोनोग्राफी मात्र स्वच्छ, असं झालं तरी थांबू नका. लेडिगची गाठ अनेकदा इतकी लहान असते की सोनोग्राफीत निसटते.

गाठीसाठी शस्त्रक्रिया ठरली, तर दुर्बिणीतून बीजांडकोश काढायला खासगीत साधारण साठ हजार ते दीड लाख, खोलीप्रमाणे. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात भूल, फ्रोझन सेक्शन (शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीची तपासणी), पॅथॉलॉजी धरली आहे का, हे विचारा. पॅथॉलॉजीत काटकसर नको: ग्रॅन्युलोसा पेशींची गाठही इस्ट्रोजेनच बनवते, पण ती कर्करोगात मोडते आणि कित्येक वर्षांनी उलटू शकते.

रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया कुठे बसते, ते भरती होण्याआधीच 155388 वर किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं. धर्मादाय रुग्णालयात 1 लाख 80 हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांसाठी दहा टक्के खाटा मोफत राखीव असतात. तहसीलदाराचा दाखला आधीच काढून ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर टेस्टोस्टेरॉन लवकर उतरतं, केस हळूहळू कमी होतात. जाड झालेला आवाज मात्र बहुतेकदा तसाच राहतो, म्हणून त्या तक्रारीला उशीर करू नका.