पशुवैद्य येण्यापूर्वी आणि गेल्यानंतर

रोगी मनुष्य आपले दुखणे वैद्यास स्वतः सांगू शकतो. गाय, म्हैस किंवा बैल यांना ते शक्य नसते. त्यांच्या वतीने बोलावयाचे काम त्यांना रोज चारा घालणाऱ्या व त्यांची धार काढणाऱ्या माणसाचे आहे. त्याने पाहिलेले खरे व पूर्ण सांगितले, तर निदानाचे निम्मे काम होते. त्यातील एखादी गोष्ट सांगावयाची राहिली किंवा लपविली गेली, तर उत्तम औषधही वाया जाण्याचा संभव असतो.

हाक कशी द्यावी?

पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळी खोड्यातील जनावरांची तपासणी, मलमपट्टी, गाभण तपासणी व कृत्रिम रेतन ही कामे चालतात. त्यानंतर गावोगावच्या हाका असतात. लसीकरण, शवविच्छेदन व दाखले ही कामे वेगळीच. एका डॉक्टराकडे अनेक गावे असल्याने कोणत्या गोठ्यात प्रथम जावयाचे, हे त्यास मिळालेल्या निरोपावरूनच ठरवावे लागते.

“गाय आजारी आहे” एवढ्या निरोपाने काहीच उलगडा होत नाही. परंतु “गाय काल रात्री व्याली, आज उठत नाही, कान गार लागतात, मान पोटाकडे वळवून बसली आहे” असे सांगितल्यास डॉक्टरास दुग्धज्वराची शंका येते व तो इतर कामे बाजूस ठेवून निघतो. ह्या रोगाच्या नावात ज्वर असला, तरी ताप नसतो. उलट अंग थंड पडते. रक्तातील कॅल्शियम एकाएकी कमी होणे, हे त्याचे कारण होय. वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिल्यास पुष्कळदा गाय थोड्याच वेळात उभी राहते. उशीर झाल्यास ती दगावते. मात्र हे औषध हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवून सावकाश द्यावे लागते. म्हणून ते घरी टोचण्याच्या भरीस पडू नये. अशा गाईस नळीने काढा पाजणेही धोक्याचे असते, कारण तिला नीट गिळता येत नाही व काढा फुप्फुसात उतरतो.

डॉक्टर येण्यापूर्वी पाहून ठेवावयाच्या गोष्टी

१. जनावराने चारा व पाणी केव्हापासून सोडले? रवंथ चालू आहे काय? डाव्या भकाळीवर मूठ दाबून ठेवल्यास निरोगी जनावरात दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोटाची हालचाल हातास लागते.

२. शेण व लघवी कशी आहे? दूध किती कमी झाले? कोणत्या सडास सूज आहे?

३. ताप किती? निरोगी गाईचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट असते.

४. गाय केव्हा व्याली? वार पडली काय? पडली नसल्यास ती ओढू नये व तिला दगड बांधू नये.

५. आधी कोणते औषध दिले? ताप उतरविणारे औषध दिले असेल, तर डॉक्टरास ताप सापडत नाही व निदान चुकते. घरगुती उपाय केला असल्यास तोही संकोच न करता सांगावा.

हाक देण्यास घरातील पुरुष जातो आणि धार काढणारी गृहिणी मात्र आत राहते, असे पुष्कळदा घडते. खरी माहिती तिलाच असते. यास्तव तपासणीच्या वेळी तिने हजर असावे.

न सांगितलेल्या गोष्टीचा धोका

जनावराच्या तोंडातून लाळ गळते व त्यास गिळता येत नाही, तेव्हा घशात काहीतरी अडकले असावे, असे समजून घरातील माणसे तोंडात हात घालतात. पिसाळ रोगातही हीच लक्षणे दिसतात. काही आठवड्यांपूर्वी किंवा महिन्यांपूर्वी कुत्रे चावले होते, ही गोष्ट तोवर विस्मरणात गेलेली असते किंवा जनावराची किंमत जाईल या भीतीने सांगितली जात नाही. हा रोग एकदा प्रकट झाल्यावर बरा होत नाही, आणि लाळ जखमेस लागल्यास तो माणसासही होतो. अशा वेळी तोंडात हात घालू नये. लाळेचा संपर्क झाल्यास तो भाग साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ आरोग्य केंद्रात जावे.

डॉक्टराचे कर्तव्य

विश्वास हा एकतर्फी नसतो. रोग कोणता, जनावर बरे होण्याची आशा किती आणि खर्च किती, हे डॉक्टराने सोप्या शब्दांत आधीच सांगावे. आशा नसल्यास तेही स्पष्ट सांगावे. खोट्या धीराने कर्ज वाढते व जनावरही जाते. मालकानेही “डॉक्टरसाहेब, सुई टोचाच” असा आग्रह धरू नये. प्रत्येक आजारास सुईची गरज नसते.

डॉक्टर गेल्यानंतर

जनावरास उतार पडला म्हणून प्रतिजैविकाचा क्रम मध्येच सोडू नये. औषध चालू असता व त्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नये. ते कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार असते. रेतन केले असल्यास तारीख लिहून ठेवावी, सुमारे २१ दिवसांनी गाय पुन्हा माजावर येते काय ते पाहावे व तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्यावी.

रोग लपवू नये

साथीच्या अनुसूचित रोगांची खबर देणे, हे २००९ च्या कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. एकेकाळी गावेच्या गावे ओस पाडणारी बुळकांडी २०११ साली जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्यामागे लस होती, तशीच गावोगाव जाऊन पशुपालकांकडे केलेली चौकशीही होती. घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत यांच्या लसी आज उपलब्ध आहेत. पावसाळ्यापूर्वी त्या टोचून घ्याव्यात आणि संशयित जनावर बाजारात न नेता वेगळे बांधून दवाखान्यास कळवावे.

पशुवैद्य गोठ्यात घटकाभर असतो, मालक मात्र आठही प्रहर असतो. दोघांनी एकमेकांशी खरे बोलावे, म्हणजे दावणीचे जनावर वाचेल आणि घरच्या संसारासही आधार राहील.