बस ड्रायव्हर तपासताना विचारायचा प्रश्न : ‘उत्तरच आलं नाही तर?’



‘बस ड्रायव्हर’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एसटीचे चालककाका येणार. संगणकात मात्र बस म्हणजे तारांचा सामाईक रस्ता. त्यावरून वेगवेगळ्या चिप एकमेकींशी बोलतात, आणि हे बोलणं सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे बसचा ड्रायव्हर. तो कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो. साधं ॲप अडकलं तर आपण ते बंद करतो. कर्नलमधला ड्रायव्हर अडकला तर अख्खं यंत्रच ठप्प होऊ शकतं. म्हणूनच लिनक्स कर्नलमध्ये नवा ड्रायव्हर घेण्याआधी दुसरे जाणकार तो बारकाईने वाचतात. ते नेमकं काय पाहतात, हे आज समजून घेऊया. वही तपासणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातून घेण्यासारखं बरंच आहे.

आधी बस समजून घेऊ

उदाहरण म्हणून ‘आय-टू-सी’ ही बस घेऊ. फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये तयार केली. हिला दोनच तारा : एक माहितीची, दुसरी क्लॉकची, म्हणजे ठोके देणारी. तापमानाचे सेन्सर, वेळ सांगणारी चिप अशी छोटी उपकरणं या तारांवर जोडलेली असतात.

बोलण्याची रीत आपल्या हजेरीसारखीच आहे. नियंत्रक पत्ता पुकारतो. पत्ता ७ बिटांचा, म्हणजे २ चा ७ वा घात : १२८ पत्ते. त्यातले १६ राखीव, उरले ११२. आठवा बिट ‘वाचायचंय की लिहायचंय’ ते सांगतो. नवव्या ठोक्याला, ज्याचा पत्ता पुकारला ते उपकरण माहितीची तार खाली ओढतं. हेच त्याचं ‘हजर!’

तपासणारा काय पाहतो?

१) वाट किती वेळ पाहायची? नवख्याच्या ड्रायव्हरमध्ये अनेकदा असं लिहिलेलं असतं : ‘बस मोकळी होईपर्यंत थांब.’ वाचायला बरोबर वाटतं. पण बस कधी मोकळी झालीच नाही तर? प्रोग्राम तिथेच फिरत राहील. म्हणून प्रत्येक थांबण्याला वेळेची मर्यादा हवी, आणि ती संपली की तसं कळवून बाहेर पडायला हवं.

२) चूक नेमकी सांगतो का? पुकारलेल्या पत्त्यावर कुणीच नव्हतं, वेळ संपली, किंवा दुसऱ्या नियंत्रकाने मध्येच बसचा ताबा घेतला. या तीन वेगळ्या अडचणी आहेत. तिसरीत पुन्हा प्रयत्न करून भागेल. पहिलीत उपकरण मुळात जोडलंय का हे पाहावं लागेल. सगळ्यांना एकच ‘चूक झाली’ असं उत्तर दिलं, तर पुढे काय करायचं ते कुणालाच कळणार नाही. म्हणून लिनक्समध्ये या तिघींचे चूक-संकेतही वेगळे आहेत.

३) तार अडकली तर? उपकरण ‘०’ पाठवत असतानाच नियंत्रक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर ते उपकरण पुढच्या ठोक्याची वाट पाहत तार खाली धरून बसतं. मग कुणालाच बोलता येत नाही. उपाय सोपा आहे : क्लॉकच्या तारेवर जास्तीत जास्त ९ ठोके द्यायचे, म्हणजे उपकरण आपलं राहिलेलं बोलणं संपवून तार सोडतं. ड्रायव्हरमध्ये याची सोय आहे का, हे तपासणारा विचारतो.

४) क्रम बरोबर आहे का? ‘बस तयार आहे’ अशी नोंद कर्नलकडे केली की त्याच क्षणी कुणीही तिचा वापर सुरू करू शकतो. म्हणून आधी क्लॉक, इंटरप्ट वगैरे सगळी जुळवाजुळव, आणि नोंद अगदी शेवटी. आवरताना हाच क्रम उलटा.

शेरा कसा देतात?

लिनक्सचे बदल ईमेलने पाठवले जातात. तपासणारा ज्या ओळीबद्दल म्हणायचं, तिच्या खालीच आपला प्रश्न लिहितो. लिहिणारा दुरुस्ती करून दुसरी, तिसरी आवृत्ती पाठवतो आणि आधीच्यापेक्षा काय बदललं तेही नोंदवतो. समाधान झालं की तपासणारा आपल्या नावानिशी ‘मी हे तपासलं’ अशी ओळ देतो. हा प्रोग्राम चालेलच अशी हमी ती ओळ देत नाही. लक्षात आलेल्या शंकांना समाधानकारक उत्तरं मिळाली आणि बदल कर्नलमध्ये घ्यायला हरकत नाही, एवढंच ती सांगते. प्रत्यक्ष चालवून पाहणाऱ्याची ओळ वेगळी असते.

आपण वहीवर ‘चूक’ किंवा ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारतो, तेव्हा मुलाला कुठे आणि का ते कळतंच असं नाही. ‘इथे उत्तर आलं नाही तर काय होईल?’ असा प्रश्न त्या ओळीपाशी लिहिला, तर दुरुस्ती मूल स्वतः शोधतं.

वर्गात करून पाहा

फळ्यावर हजेरीच्या तीन सूचना लिहा : क्रमांक पुकारा, ‘हजर’ ऐकू येईपर्यंत थांबा, पुढचा क्रमांक घ्या. मुलांना सांगा, “दुरुस्त करायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे.” मूल गैरहजर असेल तर? एकच क्रमांक दोघांना दिला तर? बसवर असे दोघं एकदम ‘हजर’ म्हणाले तरी नियंत्रकाला ते एकच उत्तर वाटतं, हे त्यानंतर सांगा. शेवटी मुलांनीच सूचनांची दुसरी आवृत्ती लिहावी आणि काय बदललं तेही खाली नोंदवावं. पालकांनाही हा खेळ घरी घेता येईल. चहा करण्याच्या कृतीपासून सुरुवात करा.