रक्कम लहान म्हणूनच तक्रार करा

न मागितलेल्या सेवेपायी बॅलन्स कापला जातो, परदेशी क्रमांकाच्या मिस्ड कॉलला उलट फोन केला की रिचार्ज उडतो, आणि यातलं फारसं काही कुठे नोंदलंच जात नाही. लोक अडाणी आहेत, आळशी आहेत, असं वर ऐकवलं जातं, त्याची मला चीड येते. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा किंवा देवरीकडच्या धान पिकवणाऱ्याचे तीस रुपये गेले, तर प्रीपेडला बिलच येत नाही. तपशील मागितला, तर त्यासाठी ५० रुपयांपर्यंत आकारायची मुभा दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी कंपनीला दिली आहे. चोरीपेक्षा पुरावा महाग असेल, तर गप्प बसणारा आळशी कसा? ठकवणाऱ्याने हाच हिशेब आधी केलेला असतो: लाखोंकडून थोडं थोडं घ्यायचं, म्हणजे कुणीच भांडायला येत नाही. परदेशी कॉलच्या दरातला वाटा त्याला मिळतो, म्हणून पलीकडून रेकॉर्ड वाजवत माणसाला लाइनवर धरून ठेवतात.

‘तुम्हीच बटण दाबलं असेल’ हे कंपन्यांचं ठरलेलं उत्तर तर संतापजनक आहे. पैसे कापणाऱ्या अशा जादा सेवेसाठी ट्रायने २०१३ मध्ये दुहेरी संमती सक्तीची केली. तेव्हा संमती दाखवायची जबाबदारी कंपनीची आहे, ग्राहकाची नव्हे. तक्रारीची सोय आहेच की, असंही म्हणतात. पण ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाकडे बोट दाखवून ग्राहक मंचातूनही लोकांना परत पाठवलं जाई. ती अडचण त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दूर केली. मधल्या काळात ‘काही होत नाही’ हे लोकांच्या मनात पक्कं बसलं, त्यात त्यांचा काय दोष?

म्हणून सांगणं एवढंच. पैसे कापल्याचा मेसेज दिसताच, २४ तास उलटायच्या आत १५५२२३ वर सेवा बंद करा आणि परतावा मागा. नाही मिळाला तर १९८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. तो नसेल तर पुढे कुणी दाद देत नाही. त्यानंतर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, तिथेही टोलवलं तर गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. अनोळखी परदेशी क्रमांकाला उलट फोन करू नका. एका गावातल्या दहा जणांनी एकाच सेवेविरुद्ध तक्रार केली, तर ‘तुम्हीच दाबलं असेल’ म्हणणं कंपनीला जड जाईल. नोंदच नसेल, तर ‘आमच्याकडे तक्रारी नाहीत’ म्हणायला ती मोकळी राहते.