ठोक्यामागे किती मीटर?

पहाटे ग्राउंडवर पळून आलेल्याला होस्टेलमध्ये एकच प्रश्न विचारला जातो, "किती वेळ लागला?" मित्रांनो, नुसता वेळ म्हणजे आउटपुट. इनपुट माहीत नसताना एफिशियन्सी कशी काढणार? पळण्यातला इनपुट मोजायचा सोपा मार्ग म्हणजे हृदयाचे ठोके.

माझ्या वहीतले आकडे बघा. 400 मीटरच्या ट्रॅकवर 12 फेऱ्या, म्हणजे 4800 मीटर. डिसेंबरात 32 मिनिटं लागली, सरासरी ठोके मिनिटाला 150. एकूण ठोके 4800, म्हणजे ठोक्यामागे बरोबर 1 मीटर! फेब्रुवारीत ठोके तेच 150, पण वेळ 30 मिनिटं. ठोक्यामागे 1.07 मीटर. याला म्हणायचं दमसास वाढणं. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि स्नायू त्यातला जास्त प्राणवायू वापरू लागतात.

तुलना करताना मात्र वेग तरी तोच ठेवा, नाहीतर ठोके तरी तेच. कारण हृदय बसल्या जागीही चालूच असतं, वेग आणि ठोक्यांचा आलेख शून्यातून जात नाही (मोटरचा नो-लोड करंट आठवा!). शिवाय उन्हात त्याच वेगाला ठोके वाढतात. घामाने रक्तातलं पाणी घटतं, आणि शरीर थंड ठेवायला बरंच रक्त त्वचेकडे वळतं. तेव्हा मे महिन्याचे आकडे डिसेंबरशी लावून निराश होऊ नका.

मनगटावरचं घड्याळ सैल असेल तर कधीकधी पावलांची लयच ठोके म्हणून दाखवतं. घड्याळ नसेल तर थांबल्याबरोबर नाडीवर बोटं ठेवून 10 सेकंद मोजा आणि 6 ने गुणा. '220 वजा वय' ही फक्त सरासरी आहे. तुमचा कमाल आकडा त्याहून 10-12 ठोके इकडेतिकडे सहज असू शकतो.

सगळ्यात महत्त्वाची नोंद मात्र पळण्याआधीची. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. रोज 60 असते आणि आज 70 भरली, तर सबमिशनची जागरणं अंगावर आलीत किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशी बूट काढूच नका. व्हायरल तापात जोरात पळणं हृदयाच्या स्नायूला धोक्याचं ठरू शकतं. एक दिवस चुकल्याने दमसास जात नाही.