चाळिशीच्या आत खुबा झिजला तर पैसा कुठे घालावा

जांघेत कळ येते, मोजा घालायला पाय वर घेता येत नाही, पंगतीत मांडी घालून बसणं बंद झालंय आणि वय जेमतेम पस्तीस. अशी माणसं वर्ष-दोन वर्षं कंबरेवर नाहीतर गुडघ्यावर उपचार घेत फिरतात, कारण खुब्याचं दुखणं मांडीतून थेट गुडघ्यापर्यंत उतरतं. म्हणून सगळ्यात आधी दोन्ही खुब्यांचा एकत्र एक्स-रे काढून घ्या. खासगी केंद्रात त्याला साधारण 500 ते 800 रुपये पडतात. (इथले सगळे आकडे पुण्या-मुंबईचे, ढोबळ अंदाजासाठी आहेत.)

तरुणपणी खुबा झिजतो तेव्हा बहुधा काहीतरी कारण असतं. जन्मापासून खुब्याची वाटी उथळ असते, दुचाकीच्या अपघातात सांध्याला मार बसलेला असतो, किंवा स्टेरॉइड, दारू वा सिकलसेलमुळे त्या वाटीत फिरणाऱ्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. या शेवटच्या प्रकाराला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. त्यात सुरुवातीला एक्स-रे चांगला दिसू शकतो, म्हणून शंका असेल तर एमआरआय करावाच; 6,000 ते 10,000 रुपये लागतात. हा पैसा वाचवू नका. गोळा खचून बसण्याआधी निदान झालं, तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. गोळा बसल्यावर तिचा फारसा उपयोग राहत नाही. उथळ वाटीची दिशा बदलण्याची शस्त्रक्रियाही कूर्चा शिल्लक असतानाच करायची असते.

झीज ठरली की पहिला आधार व्यायामाचा. फिजिओथेरपीच्या एका बैठकीला 400 ते 800 रुपये जातात, पण रोज जायची गरज नसते. नितंबाचे आणि मांडीचे व्यायाम नीट शिकून घ्या, घरी नियमाने करा आणि अधूनमधून दाखवून या. वजन उतरवणं फुकट आहे आणि त्याचा गुण खरा आहे. काठीला काहीशे रुपये लागतात. ती दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरायची. तरुण माणसाला लाज वाटते, पण खुब्यावरचा भार तिने लक्षात येण्याइतका हलका होतो. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आजच आणा.

आता जिथे पैसा घालू नये असं मी स्पष्ट सांगेन ते. ग्लुकोसामीनच्या गोळ्या, खुब्यात जेलचं इंजेक्शन, आणि ‘स्वतःच्याच रक्तातून’ म्हणून दिलं जाणारं पीआरपी. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या मार्गदर्शनात खुब्याच्या झिजेसाठी हे तिन्ही करू नयेत, असं ठामपणे म्हटलंय. पीआरपीच्या एका खेपेला दहा-वीस हजार सहज जातात. सोनोग्राफीत बघून दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देऊ शकतं. पण तीन महिन्यांत सांधा बदलायचा विचार असेल तर ते टाळा, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात.

मग शस्त्रक्रिया. ‘साठीपर्यंत कळ काढा, नाहीतर पुन्हा करावी लागेल’ असं घरोघरी ऐकू येतं. ‘लॅन्सेट’मध्ये 2019 साली आलेल्या अभ्यासात 58 टक्के कृत्रिम खुबे 25 वर्षं टिकल्याचा अंदाज आहे. म्हणजे पस्तिशीत बदललेला सांधा आयुष्यात एकदा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता धरूनच चाला, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड आणि महाग असते हेही. पण वाट पाहण्यालाही खर्च आहे: स्नायू वाळतात, कंबर आणि दुसरा पाय बिघडतो, नोकरी सुटते. माझं मत असं की काही महिने मनापासून व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि काम होत नसेल, तर वयाकडे बघून थांबू नये.

मध्यम रुग्णालयात एका खुब्याला दोन-अडीच लाख, कॉर्पोरेटमध्ये तीन ते पाच लाख. एस्टिमेटचा कागद हातात आला की ‘इम्प्लांट ॲज पर ॲक्च्युअल’ अशी ओळ शोधा. ती असेल तर खालच्या बेरजेला काही अर्थ नाही. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली, खुब्याला तशी मर्यादा नाही. म्हणून कंपनी, मॉडेल, गोळा सिरॅमिकचा की धातूचा, आणि किंमत, हे सगळं आधीच लिहून मागा. तरुणांना बहुधा सिमेंटशिवाय बसणारा सांधा, सिरॅमिकचा गोळा आणि सुधारित प्लॅस्टिकचं अस्तर सुचवतात. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये लावलेत का ते पाहा. डीपुय कंपनीने 2010 मध्ये धातूवर धातू घासणारा एएसआर खुबा जगभरातून परत मागवला, तेव्हा आपल्या शरीरात कोणता सांधा आहे हे कागदावरूनच सांगता येत होतं.

पैसे उभे करताना आधी कंपनीचा गटविमा बघा. त्यात बरेचदा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. वैयक्तिक पॉलिसीत सांधेबदलासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, अपघाताचा अपवाद सोडून. दुखणं लपवून पॉलिसी काढू नका, दावा तिथेच फेटाळला जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं पॅकेज तुम्ही निवडलेल्या रुग्णालयात मिळतं का, हे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, दाखल होण्याआधी विचारा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये आहे. तहसीलदारांचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा.

हिशेबात सहा आठवडे ते तीन महिन्यांचा बुडालेला पगार धरा, आणि दोन रुग्णालयांतून लेखी एस्टिमेट आणल्याशिवाय कुठेही आगाऊ रक्कम भरू नका.