पांखरांची पीकपाहणी

पक्षी म्हणजे पिकाचा चोर, ही समजूत आपल्या शेतकरीवर्गांत फार जुनी आहे. ज्वारी हुरड्यांत आली कीं माळा उभारावा, गोफण वळावी आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत आरोळ्या ठोकाव्या, एवढाच पांखरांशीं आपला व्यवहार. आम्हीही याच समजुतींत वाढलों. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पिकांच्या नुकसानीचे कागद आमच्या हातांखालून शेंकड्यांनीं गेले. त्यांत गारपीट आली, अवर्षण आलें, पूर आला. परंतु पिकाची राखण कोणीं केली हें लिहिण्यास त्या कागदांत रकानाच नव्हता. नोकरींतून मोकळे झाल्यावर तालुक्याच्या गांवच्या पक्षिनिरीक्षक मंडळाबरोबर आम्ही हिंडूं लागलों, तेव्हां ही उणीव आमच्या ध्यानांत आली. मंडळाच्या फेऱ्यांत व व्याख्यानांत जें शिकलों, त्यांतील शेतकऱ्याच्या उपयोगाचा भाग येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे. त्यांत आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागेल.

फेरी कशी असते

मंडळाची फेरी महिन्यांतून दोन रविवारीं निघते. उजाडण्यापूर्वीं वेशीजवळ जमावें, दहा-बारांहून अधिक माणसें नसावीं, कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावे, बोलणें कुजबुजण्यापुरतेंच ठेवावें, घरट्याजवळ जाऊं नये, हे पहिले नियम. मंडळाचे वाटाडे एक निवृत्त शिक्षक आहेत. सर्वजण त्यांस गुरुजी म्हणतात. पहिल्याच दिवशीं बाभळीवर बसलेला एक पक्षी पाहून आम्हीं त्याचें नांव विचारलें. गुरुजी म्हणाले, “भाऊसाहेब, नांव मागाहून विचारा. आधीं तो काय करतो तें सांगा. बसला कोठें, खाल्लें काय, उडून गेला कोणत्या अंगास?” ही शिस्त फार उपयोगाची आहे. नांव पुस्तकांत सांपडतें. आपल्या बांधावर तो पक्षी काय खातो, हें मात्र बांधावर उभें राहिल्यावांचून कळत नाहीं. आठपट मोठें दाखविणारी दुर्बीण असल्यास उत्तम. नसली तरी अडत नाहीं.

हिंवाळ्यांत एक मोठी फेरी निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वर येथें जाते. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ पाटाच्या पाण्यासाठीं बंधारा बांधला, त्यामागें गाळ सांचून उथळ पाणथळ झाली, आणि हिमालयापलीकडून येणारीं तलवार बदकें, थापटे, चक्रवाक असे पाहुणे तेथें उतरूं लागले. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें व २०१९ सालीं रामसर करारान्वये महाराष्ट्रांतील पहिली पाणथळ जागा म्हणून त्याची गणना झाली. शेतीसाठीं केलेल्या कामानेंच पांखरांची सोय झाली, हें तेथें डोळ्यांनीं दिसतें. शेतकरी व पक्षी यांचें वैर जन्मजात आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

सबूरीनें पाहिल्यास काय हातीं लागतें, याचें उदाहरण गुरुजी नेहमीं देतात. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांनीं १९३० च्या सुमारास, हातीं नोकरी नसतां, अलिबागजवळ किहीम येथें सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचें रोज निरीक्षण केलें. त्यांत असें दिसून आलें कीं, घरटें विणतो तो नर. तें अर्धें होतांच माद्या येऊन पाहतात. एखादीस पसंत पडलें म्हणजे ती त्यांत राहते, मग नर तें पुरें करून दुसरें विणावयास घेतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या विहिरींवर तीं घरटीं लोंबत होतीं आणि आपण त्या पक्ष्यास सुगरण म्हणून मोकळे झालों होतों.

जमेची बाजू

नांगर चालो कीं ट्रॅक्टर, त्याच्या मागें गायबगळे येतात आणि उलथलेल्या ढेंकळांतून हुमणीच्या अळ्या, नाकतोडे व किडे वेंचतात. दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल तारेवर किंवा गुरांच्या पाठीवर बसून उडते किडे धरतो. शिवाय घार-कावळ्यांस हुसकून लावीत असल्यामुळें त्याच्या झाडावर इतर गरीब पक्षीही निर्धास्तपणें घरटीं करतात. नीलकंठ व साळुंकी जमिनीवरील किडे टिपतात. पावश्या केंसाळ सुरवंट खातो, ज्यांस इतर पक्षी सहसा तोंड लावीत नाहींत.

या पक्ष्यांकडून काम करून घ्यावयाचें तर त्यांस बसावयास जागा पाहिजे. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठीं पक्षिथांबे उभारावे, अशी शिफारस कृषितज्ज्ञ करतात, ती याच कारणानें. पिकाहून हात-दीड हात उंच काठी रोंवून तिच्या डोक्यावर आडवी काडी बांधली म्हणजे थांबा झाला. हेक्टरीं २० पासून ५० पर्यंत थांबे पुरतात. हरभरा पेरतांना बियांत मूठभर ज्वारी मिसळल्यास तींच ताटें थांब्याचें काम करतात. मात्र ज्वारीच्या शेतांत दाणा भरूं लागल्यावर थांबे ठेवूं नयेत. त्या वेळीं त्यांवर राखणदाराऐवजीं चोर बसतो.

खर्चाची बाजू

खर्च लपवून जमा दाखविणें हा हिशेब नव्हे. पोपट खातो त्याहून नासतो अधिक. पावसाळ्याच्या अखेरीस मध्य आशियाकडून भोरड्यांचे थवे येतात, ते ज्वारीवर पडले तर कणसें रिकामीं करतात. परंतु त्याच भोरड्या नाकतोडे व टोळ यांचा फडशा पाडतात. वेडा राघू माशा-किड्यांबरोबर मधमाशाही खातो. मधपेट्या ठेवणारास तो परवडत नाहीं. चिमणी व सुगरण दाणे खातात खऱ्या, पण दोन्ही आपल्या पिलांस मुख्यतः अळ्या-किडेच भरवितात.

एकाच बाजूचा हिशेब धरल्यास काय होतें, हें चीन देशानें अनुभविलें आहे. तेथें १९५८ सालीं धान्यनाश टाळण्यासाठीं चिमण्या मारण्याची देशव्यापी मोहीम काढण्यांत आली. चिमण्या गेल्या, पण त्यांनीं खाल्ले असते ते टोळ व किडे वाढले. शेवटीं १९६० सालीं उपद्रवी जीवांच्या यादींतून चिमणीचें नांव काढावें लागलें.

आमची चूक

पावसाळ्यांत फेऱ्या बंद असतात, तेव्हां देवळाच्या सभामंडपांत व्याख्यानें होतात. एका व्याख्यानास गुरुजींनीं पडक्या वाड्यांतून आणलेल्या आंगठ्याएवढ्या चार काळपट गोळ्या परातींत ठेवल्या. घुबड शिकार बहुधा सगळीच गिळतें. न पचलेलीं हाडें व केंस यांची गोळी करून तें ओकून टाकतें. गोळ्या कोंबट पाण्यांत भिजवून काडीनें उकलल्या, तेव्हां चार गोळ्यांत उंदरांच्या सात कवट्या व एक चिचुंद्रीची निघाली. मंडपांतील शेतकरी पुढें सरकून स्वतः मोजूं लागले. गव्हाणी घुबडाची जोडी जवळपास असणें म्हणजे बिनपगारी राखणदार असणें, हें सांगण्यास मग शब्दांची गरज उरली नाहीं.

आम्ही मात्र गप्प बसलों होतों. आमच्या वाड्याच्या माळ्यावर अशीच एक जोडी कित्येक वर्षें राहत होती. घुबड अशुभ, म्हणून घरांतील वडील माणसें नाखूष असत, पण कोणी तिच्या वाटेस जात नसे. नोकरी सुटली त्या वर्षीं गव्हांत उंदीर फार झाले. आम्हीं ब्रोमॅडिओलोनचें आमिष आणून बांधोबांध उघड्यावर टाकलें. या विषानें उंदीर लगेच मरत नाहीं; रक्त गोठण्याची शक्ति जाऊन तो कांहीं दिवसांनीं मरतो, व तोंपर्यंत सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो. असा उंदीर घुबडास आयता सांपडतो आणि त्याच्या पोटांतलें विष घुबडाच्या पोटांत जातें. आठ-दहा दिवसांनीं एक घुबड गोठ्याच्या पत्र्याखालीं मरून पडलेलें दिसलें. दुसरें त्यानंतर दिसलें नाहीं. त्या वेळीं आम्हीं त्याचें कारण शोधलें नाहीं. पुढच्या हंगामांत उंदीर पूर्वींपेक्षां अधिक झाले, तेव्हां आम्ही आणखी विष आणावयास निघालों होतों.

व्याख्यान संपल्यावर हें आम्हीं गुरुजींस सांगितलें. ते एवढेंच म्हणाले, “हें मंडपांत सांगा, भाऊसाहेब. माझ्यापेक्षां तुमचें ऐकतील.” पुढच्या बैठकींत आम्हीं सांगितलें व आज येथें लिहीत आहों. विष घालणें भागच पडलें तर तें बिळांत खोल घालून तोंड बुजवावें, मेलेले उंदीर रोज सकाळीं गोळा करून खोल पुरावे. आणि त्याआधीं सापळे, बिळें खणणें व बांध स्वच्छ ठेवणें हे उपाय करून पाहावे.

गिधाडांचा धडा

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर गिधाडांच्या बाबतींत घडली. गुरांच्या दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें व मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मेलीं. १९९२ पासून २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें आपल्या देशांत हजारांत एक उरण्याइतकीं घटलीं. ज्या मेलेल्या ढोराचा तीं कांहीं तासांत निकाल लावीत, तें गांवाबाहेर कुजत पडूं लागलें व मोकाट कुत्र्यांचें फावलें. गुरांसाठीं या औषधास २००६ सालीं बंदी झाली. २०२३ सालीं कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांसही झाली. मेलोक्झिकॅम हें गिधाडांस अपाय न करणारें औषध उपलब्ध आहे. गुरांच्या डॉक्टरांस तेंच देण्याविषयीं सांगणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

वही कशी ठेवावी

सात-बाराच्या उताऱ्यावर पीकपाहणी होते, तशीच पांखरांची पाहणी प्रत्येक खातेदारास आपल्या गटांत करतां येईल. आठवड्याचा एक वार व वेळ ठरवावी. सूर्योदयानंतरचा अर्धा तास सर्वांत चांगला. विहीर, ओढा, बांधावरचें मोठें झाड अशा तीन जागा नेमाव्या व प्रत्येक ठिकाणीं दहा मिनिटें स्तब्ध उभें राहावें. वहींत सहा रकाने आंखावे : तारीख, जागा, पक्षी, संख्या, काय करीत होता, शेतांत कोणतें पीक कोणत्या अवस्थेंत होतें. नांव ठाऊक नसल्यास रंग, आकार व शेपटी लिहावी. नांव मागाहून कळतें. जें पाहिलें तेंच लिहावें, ऐकीव लिहूं नये. आणि जो पक्षी नेहमीं दिसतो तो न दिसल्यास रकाना कोरा न सोडतां शून्य लिहावें. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलेंच नाहीं. शून्य म्हणजे पाहिलें, पण नव्हता. आमच्या सबंध नोकरींत या दोहोंतील फरकावरून जितके तंटे झालेले पाहिले, तितके दुसऱ्या कशावरूनही पाहिले नाहींत.

वर्षभर अशी वही ठेवल्यावर कोणता पक्षी आपल्या शेतांत कोणत्या महिन्यांत राखणदार असतो व कोणत्या महिन्यांत चोर, हें दुसऱ्यास विचारावें लागणार नाहीं. पांच-सहा शेजाऱ्यांनीं मिळून हें केलें व वह्या आपल्या संस्थेच्या बैठकींत एकत्र वाचल्या, तर सबंध शिवाराचा हिशेब मांडतां येईल. ढोली असलेलीं जुनीं झाडें तोडूं नयेत, हें ओघानें आलेंच. घुबड, पिंगळा व नीलकंठ त्याच ढोलींत राहतात.

आमच्या वहीचें हें दुसरें वर्ष आहे. माळ्यावर घुबडासाठीं एक लांकडी पेटी बसविली आहे. हल्लीं तींत साळुंक्यांनीं बिऱ्हाड केलें आहे, त्यांस आम्हीं उठविलेलें नाहीं. घुबडाच्या ओळींत दर आठवड्यास शून्य लिहावें लागतें, व तें आम्ही लिहितों. ज्यांच्या माळ्यावर, देवळांत किंवा चिंचेच्या ढोलींत आज घुबडाची जोडी असेल, त्यांनीं विषाची पुडी विकत घेण्यापूर्वीं एकदां त्या झाडाखालच्या गोळ्या उचलून पाण्यांत भिजवाव्या आणि कवट्या मोजाव्या, एवढीच विनंती आहे.